मापाचा ब्लाउज

'सोबतीण शिवण केंद्र' अशी पाटी लावलेल्या त्या खोलीत शिवता कुणालाच येत नव्हतं. दारात एक शिलाई मशीन होतं, त्यावर रंगीत रिळं मांडलेली होती, भिंतीवर गळ्यांच्या नमुन्यांचा एक जुना तक्ता होता, आणि एवढा देखावा आजवर पुरला होता. नगरच्या कापड बाजारामागच्या बोळात, बांगड्यांच्या दुकानाच्या वर, कोण कशाला चौकशी करायला येतंय? खालच्या बांगडीवाल्याचं आपलं एक ठाम मत होतं, की वरच्या बाया शिलाई फार महाग घेत असणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही.

खरं काम फोनवर चालायचं. बाईवर जीव जडलेल्या बाया फोन करायच्या. राजूरच्या डोंगरातून कुणी, घोडेगावहून कुणी, कुणी तर दोन गल्ल्या पलीकडून. मैत्रिणीचं लग्न ठरलंय आणि मला घास उतरत नाही, हा आजार आहे का ताई? असं विचारायच्या. आराधना ते फोन घ्यायची. आजार नाही, हे दोन शब्द तिने इतक्यांदा म्हटले होते, की झोपेत कुणी विचारलं असतं तरी तिने तेच सांगितलं असतं. संस्था काढली सत्यशीलाताईंनी. त्या वकील. पाटीची युक्तीही त्यांचीच. त्या म्हणायच्या, गावाकडच्या पोरीला एकटीनं घराबाहेर पडायला दोनच कारणं मिळतात, दवाखाना नाहीतर शिवणकाम.

फोन करायचा नियमही ताईंनीच घालून दिला होता. पोरीने स्वतः उचलला तर म्हणायचं, 'ब्लाउज तयार आहे.' म्हणजे सोय झाली, निघ. दुसऱ्या कुणी उचलला तर म्हणायचं, 'ब्लाउज अजून व्हायचाय.' म्हणजे उगाच कुणी घ्यायला यायला नको. शेंबड्या पोराला समजेल इतका सोपा नियम. आणि त्या मंगळवारी आराधनाने तोच नेमका उलटा केला.

त्यात तिचं आनंदी होणं नडलं. पाथर्डीकडच्या एका वस्तीवरची अश्विनी महिन्याभरापासून घरात अडकली होती. तिचं आणि मोनिकाचं शिवणक्लासात जुळलं होतं. मोनिका तिथे शिकवायची. भावाने अश्विनीच्या मोबाईलमधले फोटो बघितले, मोबाईल फोडला, क्लास बंद केला आणि स्थळ आणलं. येत्या रविवारी हळद. शेजारणीच्या फोनवरून अश्विनीने एकदाच, घाईघाईत, संस्थेला सांगितलं होतं: दुपारी आई शेळ्या घेऊन जाते तेव्हा तिचा फोन घरी चार्जिंगला असतो, तेव्हा करा. आणि मंगळवारी सकाळी पुण्याहून निरोप आला होता, की दोघींना राहायला खोली मिळाली. आराधनाच्या जिभेवर ते वाक्य सकाळपासून नाचत होतं. फोन उचलला गेला, पलीकडून "कोन बोलतंय?" असा जाड आवाज आला, आवाज अश्विनीचा नाही हे तिला कळलंही, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

"शिवण केंद्रातून बोलतेय. अश्विनीचा ब्लाउज तयार आहे, घेऊन जा."

पलीकडे शेळी ओरडली. फोन आज घरी नव्हता, शेळ्यांबरोबर रानात होता.

"कंचा ब्लाउज?"

"तिनं... तिनं क्लासला असताना कापड दिलं होतं."

"बरं," बाई म्हणाली. "मी तिची आय, छबूबाई. उद्या येते घ्यायला. पत्ता सांगा."

आता शिवण केंद्राने पत्ता सांगायला नकार द्यायचा म्हणजे आपणच आपली चोरी ओरडून सांगायची. आराधनाने पत्ता सांगितला. फोन ठेवला. आता ती बाई येणार, ब्लाउज मागणार, इथे ब्लाउज नाही, शिंपीण नाही, काही नाही. बाईला संशय आला, की लगेच घरी जाऊन ती पोराला सांगणार. मग हळद रविवारपर्यंत कशाला थांबेल? उद्या रात्रीच लावतील, आणि अश्विनीचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. हे सगळं एका वाक्यानं, आणि ते वाक्य आपलं, या विचाराने तिला रडू फुटलं.

सत्यशीलाताईंनी रागावून घेतलं, थोडंथोडकं नाही. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "रडून ब्लाउज शिवला जात नसतो. मोनिकाला बोलव."

मोनिका आता नगरलाच शाळेचे गणवेश शिवण्याच्या कामाला होती. तशीच धावत आली, केसात दोऱ्याचे तुकडे घेऊन. सगळं ऐकून तिनं आधी भिंतीला डोकं टेकवलं. मग पिशवीतून एक मोरपंखी ब्लाउजपीस काढलं. अश्विनीनं तिला दिलेलं, तिच्या पिशवीत कायम असायचं.

"हेच शिवते," ती म्हणाली.

"अगं पण माप?" आराधनाने विचारलं.

मोनिकाने तिच्याकडे असं बघितलं, की आराधनाच लाजली. "तिचं माप मला कशाला लागतंय, ताई?"

तिने टेप हातात घेतलाही नाही. खडूने कापडावर रेघा मारल्या, एकदा डोळे मिटून स्वतःच्याच दंडाभोवती बोटांचा वेढा घातला, तो थोडा आवळला, आणि तेवढी बाही बेतली. देखाव्याच्या मशीनला तेल घालून घालून तिने ते चालतं केलं. संध्याकाळपर्यंत ब्लाउज तयार होता, हुक-काजासकट, आणि तिघींना वाटलं, वाचलो. तीन शहाण्या बाया, त्यात एक वकील आणि एक चक्क शिवणारी. पण कुठलीही अडाणी गिऱ्हाईक बाई पहिल्यांदा जे विचारेल, ते तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

बुधवारी आराधनाने सकाळीच केंद्र उघडलं. सत्यशीलाताईंनी गाडी मागच्या गल्लीत लावली होती आणि त्या गाडीतच बसल्या होत्या. वकीलबाई पुढ्यात दिसल्या की शिवण केंद्राचा देखावा फुटायचा. मोनिकाला येऊ नको म्हणून बजावलं होतं, तरी ती आली आणि आतल्या खोलीत पडद्यामागे उभी राहिली. "नुसता तिच्या आईचा आवाज ऐकते," म्हणाली. "तेवढ्यावरून कळंल मला ती कशी आहे." आतल्या खोलीतून मागचा लोखंडी जिना उतरत होता. काही झालंच तर मोनिकाने तिथून निघून जायचं, असं ठरलं.

जिन्यावर पावलं वाजली की आराधना उठून उभी राहायची. एकदा वीजबिलवाला आला, एकदा बांगडीवाला सुट्टे मागायला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. सुट्टे मागणाऱ्या त्या गरीब माणसाकडेही ती अशी बघत राहिली, की तो न घेताच परत गेला.

आणि मग खाली गाडीचा हॉर्न वाजला. आराधनाने खिडकीतून वाकून पाहिलं. बोळाच्या तोंडाशी काळी-पिवळी जीप उभी. चालवणारा तरणाताठा, गळ्यात रुमाल. तो भाऊ असणार, राम. त्याच्या बाजूच्या सीटवर डोक्यावरून ओढणी घेतलेली एक पोरगी, मान खाली. ती अश्विनी असणार. अश्विनीला तिने कधी पाहिलं नव्हतं, नुसती ऐकली होती.

छबूबाई एकटीच वर आली. काटकुळी बाई, नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी. दारात चप्पल काढली, खोलीभर नजर फिरवली. मशीन पाहिलं, रिळं पाहिली, रिळांवरची धूळही पाहिली. मग मांडी घालून खालीच बसली.

"दाखवा."

आराधनाने ब्लाउज पुढे केला. छबूबाईने कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"कापड आमचंच हाय," ती म्हणाली. "माझ्या भावजयीनं वटीत घातल्यालं. मी पोरीला दिलं हुतं."

देव पावला, असं आराधनाला वाटलं. वाटेपर्यंत छबूबाईने पिशवीत हात घालून दुसरा ब्लाउज काढला. जुना, जांभळा, काखेत विटलेला. तो तिने जमिनीवर पसरला, त्यावर मोरपंखी ब्लाउज ठेवला आणि कडा जुळवल्या. खांद्याला खांदा, बाहीला बाही. केसभराचा फरक नव्हता.

"ह्यो मापाचा ब्लाउज," छबूबाई म्हणाली. "अश्विनीकडं मापाला येवढा एकच हाय. आन त्यो माझ्या पेटीत हुता. मी आज काढला, आज आनला." तिने मान वर केली. "मग बाई, तुमी कशावरनं बेतलं?"

मापाचा ब्लाउज. टेलरकडे कापड टाकताना आधी मापाचा ब्लाउज द्यायचा असतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं; आईबरोबर ती शंभरदा गेली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. रजिस्टरमध्ये माप लिहिलेलं असतं, किंवा अंदाजाने शिवला, असं काहीही.

"जांभळाबी तिनंच शिवल्याला," छबूबाई म्हणाली. "त्या मोनीनं. काखंत दुहेरी टीप घालायची सवय हाय तिला. आमच्या घरी जेवली हाय ती. माझ्या हातची भाकर खाल्लीय." ती मोरपंखी ब्लाउज उलटा करून काखेतली शिलाई बोटाने चाचपत होती. "माप न घेता दुसऱ्या कुनाला आलं असतं हे?"

पडद्यामागे काही हललं. छबूबाईने तिकडे पाहिलं नाही. खाली हॉर्न वाजला, लांबलचक, आणि आराधना दचकून उठली.

"बसा," छबूबाई म्हणाली. "कारखान्यावर फोन लावला काल. आमचे मालक टोळीसंगं ऊस तोडायला गेल्यात. ते म्हनले, पोरगी काय म्हनती ते बगू नको, लगीन उरकून टाक. रामा तर ऐकायलाच तयार न्हाई. त्याला मी सांगितलं, पोरीला बांगड्या भरायच्यात, ब्लाउज घ्यायचाय, म्हनून आनलं त्यानं." ती थांबली. तिच्या आवाजातला जाडपणा आता फाटत चालला होता. "ती जेवत न्हाई. बोलत न्हाई. हळद लागायच्या आत काय करून घील याची मला धास्ती हाय, बाई. रातच्याला तिच्या वढणीला माझा पदर बांधून निजते. जरा हलली की मी जागी. म्हयना झाला, झोप म्हनून न्हाई."

आराधना तिच्यासमोर जमिनीवर बसली. आजार नाही हे दोन शब्द तिच्या ओठांवर आले, पण ते या बाईने विचारलेच नव्हते.

"मला तुमचं ते कळत न्हाई," छबूबाई म्हणाली. "आन पटत तर न्हाईच न्हाई. कसं पटंल? पन मला पोरगी जित्ती पायजे." तिने डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "हितं काय करता तुमी, खरं सांगा. शिवत तर न्हाई."

आराधनाने खरं सांगितलं. नियम मोडून सगळं सांगितलं. पुण्यात खोली आहे, दोघींना काम मिळेल, ओळखीच्या बाया आहेत. मागच्या गल्लीत आमच्या वकीलबाई थांबल्यात. आधी पोलीस स्टेशनला जायचं, मी सज्ञान आहे आणि माझ्या मर्जीने जातेय असं अश्विनीने लिहून द्यायचं, म्हणजे मागून कुणाला पळवून नेलं असं म्हणता येणार नाही. बोलताना तिला एकच भीती होती, की ही बाई आता उठेल, खिडकीशी जाईल आणि पोराला हाक मारेल.

छबूबाई उठली. खिडकीशी गेली. आणि तिने हाक मारली.

"रामा! ए रामा!"

आराधनाने डोळे गच्च मिटले.

"बाही दाटली हाय रं! उसवून लावायची. अंगावर घालून बगितल्याबिगर जमायचं न्हाई. तिला वर लाव."

"मी बी येतो," खालून आवाज आला.

"तू कुठं येतो बायांत? पोरी ब्लाउज घालून बगायल्यात हितं. गाडीपाशी ऱ्हा."

ती परत येऊन मशीनजवळ बसली आणि हात पुढे केला. "ब्लेड हाय का?"

ब्लेड म्हटल्यावर आराधनाचं काळीज लटकन हललं. एवढं सगळं ऐकूनही हललं. मग तिने मशीनच्या खणातून उसवायचं ब्लेड काढून दिलं. छबूबाईने मोरपंखी ब्लाउजची डावी बाही ताणून धरली आणि मोनिकाने काल इतक्या मायेने घातलेली टीप एकेक टाका करून कापायला लागली.

"रामाला बोलले ना, उसवायचीय म्हनून," ती म्हणाली. "मग उसवाया नको?"

जिन्यावर हलकी पावलं वाजली. अश्विनी दारात आली आणि तिथेच थांबली. आईला बघितलं, आईच्या मांडीवरचे दोन ब्लाउज बघितले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. आपण पकडले गेलो, असंच तिला वाटलं असणार. तेवढ्यात पडदा सरला. मोनिकाला राहवलंच नाही. दोघी एकमेकींपासून तीन हातांवर उभ्या होत्या आणि एकीलाही पुढे व्हायचा धीर नव्हता, कारण मध्ये छबूबाई बसली होती.

छबूबाईने मान वर केली नाही. जांभळा ब्लाउज तेवढा उचलून लेकीपुढे धरला.

"माप संगं असू दे," ती म्हणाली. "परक्या गावात कुनाकडं बी शिवायला टाकायला लागंल."

"आई..."

"बोलू नको. बोललीस तर मला सोडवायचं न्हाई. जा."

अश्विनी खाली बसली आणि तिने आईच्या पायावर डोकं ठेवलं. छबूबाईने ब्लेड धरलेला हात बाजूला घेतला, पोरीला लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने तिच्या ओढणीचं टोक चाचपलं. रोज रात्री गाठ मारायची ते टोक. ते तिने दोन बोटांत धरलं, थोडा वेळ धरलं, आणि सोडून दिलं. मग मोनिकाने अश्विनीचा दंड धरला, पडदा हलला, आणि लोखंडी जिना वाजला. मग तो वाजायचा थांबला.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मागची गल्ली लांब होती. निघाल्या असतील का? रामाने जीप मागे नेली तर? पोलिसांनी थांबवून ठेवलं तर? आराधना ताईंच्या फोनची वाट बघत होती, पण हातातला फोन वाजत नव्हता.

"पुरी उसवली," छबूबाई म्हणाली आणि सुटी बाही तिच्यापुढे केली. "आता लावून द्या."

आराधनाने बाही हातात घेतली. मशीनकडे बघितलं. मग खरं ते सांगितलं, आता लपवायला उरलंच काय होतं. "मावशी, मला शिवता येत नाही."

छबूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं, तेही क्षणभरच. "शिवन केंद्र म्हनं," ती म्हणाली. "सुई तरी हाय का?"

सुई होती. आराधनाने दोरा ओवून दिला. तोही तिला तिसऱ्या खेपेला जमला. छबूबाई हाताने टाके घालायला लागली, बारीक आणि सावकाश.

"मावशी, घरी गेल्यावर तुम्हाला..." आराधनाला पुढचं विचारवेना.

"काय व्हायचं ते हुईल. मला काय हळद लावायची हाय व्हय कुनी?" छबूबाई टाका ओढत म्हणाली. मग सुई थांबली. "मारंल रामा. बोलंल त्याचा बाप. हे मला ठावं हाय. पन आज रातच्याला मी पदर सोडून निजंन."

आराधनाने तिला पाणी दिलं. इथे फोन करा, कधीही, असं सांगितलं. आमची खोली तुमच्यासाठीही आहे, असंही सांगितलं. छबूबाई ऐकत होती की नाही, कळलं नाही. बाही जवळजवळ लागली होती.

खाली हॉर्न वाजला. मग दार आपटल्याचा आवाज. "आये!" रामाची हाक बोळातून वर आली. "किती येळ? ब्लाउज शिवायल्यात का लुगडं?"

आराधनाने फोन बघितला. अजून काही नव्हतं. पोलीस स्टेशनपर्यंत तरी पोहोचल्या असतील का? तिने छबूबाईकडे पाहिलं.

छबूबाईने शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि बाही डोळ्यांसमोर धरून बघितली. चांगली बसली होती. मग खिडकीकडे तोंड करून ती ओरडली, "झालंच रं! बाही परत दाटायली!"

आणि तिने ब्लेड उचलून, आत्ताच लावलेली बाही पुन्हा उसवायला घेतली.